पाठमोरी हजेरी

तुकोजी पत्र्याच्या छपराखाली बायांकडे पाठ करून उभा राहिला. त्यानं फोन तोंडासमोर उंच धरला आणि डोळे मिटून घेतले.

मागे बाया सरसावल्या. पुढच्या उकिडव्या बसल्या, मागच्या त्यांच्या खांद्यांवरून वाकल्या. मग सुनांनी आपापले पदर कपाळावर सारले. टोळीतल्या निम्म्या बायांचा तुकोजी सासरा लागत होता. शिखाचा सख्खा, बाकीच्यांचा भावकीच्या नात्यानं. रामाखेडीतल्या मराठ्यांच्या घरांत सून सासऱ्यासमोर हनुवटीपर्यंत पदर ओढते आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. होळकरांच्या फौजेतून आलेल्या घरांची जमीन गेली, घोडी त्याआधीच गेली होती, पण हा पदर राहिला होता. बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजवर हजेरी फोनवर घ्यायला लागले आणि फोनला चेहरा उघडा हवा होता, तेव्हा तुकोजीनंच ही तोड काढली होती. पुढच्या कॅमेऱ्यानं फोटो काढायचा. काचेत पुढे तो दिसे, त्याच्यामागे सगळ्या. त्या काचेत सुनांची तोंडं आपल्याला दिसू नयेत म्हणून तो डोळे मिटे. बायांना काचेत त्याचे मिटलेले डोळे दिसत, म्हणून त्या निर्धास्त पदर वर करत.

"हं," सखुबाई म्हणाली. ती तुकोजीची बायको. तिनं हं म्हटलं की फोनच्या बाजूचं बटण दाबायचं, असं ठरलेलं होतं.

त्यानं दाबलं. आवाज झाला नाही. पुन्हा दाबलं.

"भावजी, उभ्या उभ्या झोप लागली का?" शशिकला वहिनी म्हणाली. ती त्याच्या थोरल्या चुलतभावाची विधवा. नात्यानं मोठी, म्हणून तिला पदराची अडचण नव्हती आणि जिभेचीही नव्हती.

"पदर घ्या," तुकोजी म्हणाला. मागे बांगड्या वाजल्या. मग त्यानं डोळे उघडले. काचेवर कुणाचंच तोंड नव्हतं. काहीतरी लिहून आलं होतं.

कंपनीचा सुपरवायझर मुकुल खुर्चीवरून उठून आला. पोरगा शहरातला, इस्त्रीचा शर्ट घालणारा, कधी आवाज चढवून न बोलणारा. त्यानं फोन वाकडा करून वाचला. "काका, नवीन ॲप आलंय. तुमचा फोन जुना झाला, याच्यावर आता चालणार नाही."

"काल तर चालला."

"काल जुनं ॲप होतं ना."

"मग तेच ठेव."

"माझ्या हातात नाही, काका. वरून आलंय." मुकुलनं फोन दोन बोटांनी परत केला. काचेवर माती होती. "आजची मी कागदावर लिहून घेतो. सोमवारपासून बिलकुल नाही. आणि खरं सांगू, सिमरोलकडची एक टोळी रोज मला फोन करून राहिलीय. त्यांचा मुकादम नवा फोन घेऊन बसलाय."

बाया ढिगांकडे गेल्या. बटाट्याचे ढीग छपराखाली माणसाच्या छातीइतके उंच होते. मोठा एकीकडे, मधला गुल्ला दुसरीकडे, अगदी बारीक छर्री तिसरीकडे, सडका पाटीत. चैत्राचं ऊन पत्र्यावर चढत होतं आणि सडक्या बटाट्यांचा वास त्याबरोबर चढत होता. मुकादम ढिगाला बसत नसे. तुकोजी फोन मुठीत धरून ढिगांमधून फिरत राहिला. दोनदा त्यानं उगाचच एकीला म्हटलं, "हात चालव." ती शिखाच होती. पदराच्या आत काय झालं ते कुणाला दिसलं नाही, पण पुढचा बटाटा पाटीत जरा जोरात पडला.

संध्याकाळी घरी तो ओट्यावर बसला. मुलगा भूषण सियागंजातून परत आला होता. तो लोडर, म्हणजे मालाची छोटी गाडी, चालवायचा. दिवसभर किराण्याची पोती इकडची तिकडे. आल्या आल्या त्यानं अंगातला शर्ट काढून झटकला तेव्हा मिरचीची धूळ उडाली आणि सगळ्यांना ठसका लागला.

"आबा, घ्यायचा तर नीट बघून घ्या," तो म्हणाला. "दहाच्या आत बसतो. रॅम बघा, सहाच्या खाली नको. बॅटरी मोठी. स्टोरेज बघा, नाहीतर महिन्याभरात भरतं."

"पुढचा कॅमेरा?"

"पुढचा कशाला? पुढच्याला काय कामय?"

तुकोजीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. भूषणला आठवलं.

आतून, चुलीपाशी बसलेली शिखा बोलली. "आईसाहेब, आबासाहेबांना सांगा. फोन उघडून आमच्यापैकी कुणाच्या हातात दिला तर मागच्या कॅमेऱ्यानं फोटो निघतो. मागचा सगळ्या फोनचा ठीक असतो. त्यांनी बाजूला जावं, बस."

चूल आणि ओटा यांच्यात एक चौकट होती फक्त. तरी सखुबाईनं नवऱ्याकडे वळून सांगितलं, "ती म्हणते..."

"ऐकलं."

"मग?"

"तिला सांग, मुकादमाचा फोन मुकादमाच्या हातात राहतो."

"ऐकलं तिनं," सखुबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांवर सारा आला होता, सगळं धूसर दिसे. फोन तिच्या हातात दिला तर तिनं आभाळाचा फोटो काढला असता. ते दोघांनाही माहीत होतं, म्हणून तिचं नाव कुणी काढलं नाही.

भूषण हळूच म्हणाला, "आबा, गलत नाही बोलत ती."

"आज फोन देऊ, उद्या टोळी देऊ. मुकुल कुणाशी बोलतो? ज्याच्या हातात फोन त्याच्याशी. मग मी काय करू, पाणी भरू?"

भाकरी थापल्याचा आवाज आला. मग शिखा पुन्हा बोलली, भाकरीकडे बघून. "आईसाहेब, मग एवढं तरी सांगा. दुकानात उन्हात नेऊन काच बघावी, पत्र्याखाली उजेड मारतो. मातीचं बोट लावून बघावं. आणि ॲप किती सालं चालेल ते विचारावं, नाहीतर पुढच्या सिझनला हेच."

"आणि आवाज मोठा पाहिजे," सखुबाईनं स्वतःचं घातलं. "बहिणीचा फोन आला की मला काही ऐकू येत नाही."

तुकोजी उठून गोठ्याकडे गेला. तिथं म्हैस होती आणि ती काही सांगत नव्हती.

रविवारी भूषणनं त्याला शहरात जेल रोडला सोडलं. त्याला पुढे माल उतरवायचा होता. "मी तासाभरात येतो," तो म्हणाला आणि लोडर गर्दीत घुसवून गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोबाईलचीच दुकानं. तुकोजीनं त्यातलं सगळ्यात मोठं बघितलं. मोठ्या दुकानात फसवत नाहीत, असं त्याला वाटे. काचेचा दरवाजा होता. त्यानं चपला बाहेर काढल्या आणि आत गेला. पायाखालची फरशी थंडगार होती.

"काका, चपला घालून या. इथं काढत नाहीत," काउंटरमागची मुलगी म्हणाली. आतली दोन-चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तो परत गेला, चपला घातल्या, परत आला. या खेपेला दरवाजा बाहेर ओढायचा की आत ढकलायचा ते त्याला आठवेना.

मुलीच्या छातीवरच्या पट्टीवर पूर्वा असं नाव होतं. मराठी चांगलं बोलत होती. "बजेट किती, काका?"

"दहाच्या आत."

"वापर काय असेल? व्हॉट्सॲप, कॉलिंग, यूट्यूब?"

"हजेरी," तो म्हणाला. मग घाईनं म्हणाला, "पुढचा कॅमेरा चांगला पाहिजे."

"पुढचा? सेल्फीचा?"

"हो. तोच."

पूर्वानं ओठ दाबले. मग पलीकडच्या माणसाला हाक मारली, "भिया, काकाजी को सेल्फी वाला दिखाना है." तो माणूस दुकानाचा मालक होता. तो हसला. "क्या बात है काकाजी, रील बना रिये हो क्या?" सोफ्यावरचा एकजण मोठ्यानं हसला.

तुकोजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काय सांगणार होता तो? की मी डोळे मिटून उभा राहतो, माझ्यामागे माझ्या सुना तोंडं उघडतात? लेकीच्या वयाच्या मुलीसमोर ते कसं सांगायचं? आणि ही हसणारी तोंडं त्याचं काय करतील? त्यानं काउंटरवरच्या काचेत बघितलं. आत फोन ओळीनं उताणे पडले होते. प्रत्येकाखाली अक्षरं होती, आकडे होते. त्याला स्वतःचा एकही प्रश्न सुचेना. मातीचं बोट, उन्हातली काच, किती सालं. सगळं त्याला आठवत होतं. पण ते सुनेचं होतं, आणि आता विचारलं तर आणखी हसतील, असं त्याला वाटलं.

पूर्वानं एक फोन काढला, निळा, आरशासारख्या पाठीचा. "हा बघा. या रेंजमध्ये फ्रंट कॅमेरा याच्यासारखा नाही." तिनं फोन त्याच्यासमोर धरला. सवयीनं त्याचे डोळे मिटले.

"अहो काका, डोळे मिटले तुम्ही."

दुसऱ्यांदाही मिटले. तिसऱ्यांदा त्यानं तिच्या नखांच्या लाल रंगावर नजर रोखून धरली.

"बघा. पंधरा वर्षं कमी झाली."

काचेत एक माणूस होता. गाल भरलेले, कपाळ साफ, रंग उजळ. डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्या होत्या. हा तुकोजी नव्हता. हा त्याचा धाकटा भाऊ होता, महूला पलटणीत भरती झाला आणि तिशीतच गेला तो. तुकोजीनं फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. दुकानात शिरल्यापासून पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं.

"हाच द्या," तो म्हणाला.

"सील तोडू ना? तोडलं की परत होत नाही हं, काका."

"तोडा."

सोमवारी त्यानं नवा फोन धोतराच्या धडप्यात गुंडाळून आणला. बाया जमल्या. तो पाठ करून उभा राहिला, फोन धरला, डोळे मिटले. मागे पदर सरकले आणि मग एकदम हसू फुटलं.

"अगंबाई, ह्या कोण?" शशिकला वहिनी म्हणाली. "भावजी, कुणाच्या बायका आणल्या? ही मी? माझा मस कुठं गेला?"

"मला तर लिपस्टिक लागलीय."

"माझ्या नवऱ्याला दाखवा गं कुणी."

डोळे मिटलेला तुकोजीही मिशीत हसला. "हं," सखुबाई म्हणाली. त्यानं दाबलं. टक आवाज झाला.

पदर खाली आले. त्यानं डोळे उघडून काच मुकुलकडे नेली. काचेवर नावं खाली खाली उतरत होती आणि प्रत्येक नावापुढे लाल फुली होती. मुकुलनं वाचलं, "चेहरा जुळत नाही. चेहरा जुळत नाही. हिचाही नाही." सगळ्यात शेवटी मुकादमाचं नाव होतं. "तुमचं वेगळंच आहे काका. डोळे बंद. नव्या ॲपला डोळे उघडे लागतात."

"पुन्हा काढतो."

पुन्हा काढला. पुन्हा काढला. मुकुलनं कंपनीत नोंदवलेले जुने चेहरे उघडून पडताळले. ते दोन सालांमागे तुकोजीला चहाला पाठवून काढलेले होते. आताही त्यानं फोन तुकोजीला दिसू नये असा तिरका धरला, एवढं त्या पोराला कळत होतं. "यांच्यात सावळ्या आहेत. या फोटोत सगळ्या गोऱ्या. नाक बारीक करतोय हा फोन. ॲप म्हणतं, ह्या दुसऱ्याच बाया."

भूषणला फोन लावला. त्यानं सांगितलं तसं मुकुलनं कुठं कुठं दाबलं. साध्या कॅमेऱ्यात गोरेपण बंद झालं. ॲप उघडलं की पुन्हा सगळ्या गोऱ्या. "त्यात बंद होत नाही, मागच्या कॅमेऱ्यानंही नाही," मुकुल म्हणाला. "हा सेल्फीचाच फोन आहे, काका. कुणी दिला तुम्हाला हा?"

तुकोजीनं हात पुढे करून फोन परत घेतला.

काही बाया तोवर ढिगाला बसल्या होत्या. मुकुल तिकडे गेला. "मावशी, उठा. हजेरी लागल्याशिवाय हात लावू नका. माझ्यावर येतं." बाया उठल्या. बसलेल्या माणसाला कामावरून उठवणं वेगळं असतं. त्या हातांतले बटाटे खाली ठेवून, पदर सावरत, कुणाकडे न बघता उन्हात येऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं फाटकातून एक टेम्पो आत आला. सिमरोलची टोळी. त्यांचा मुकादम तरणा होता, टी-शर्ट घातलेला. त्यानं आपल्या बायांकडे तोंड करून सरळ फोटो काढला आणि त्याची टोळी यांच्या ढिगांवर जाऊन बसली.

"आजच्यापुरती," मुकुल तुकोजीला म्हणाला. "उद्या सकाळी तुमची लागली तर तुमची. नाहीतर सिझनभर ते. मी आणखी काय करू शकतो, सांगा."

तुकोजी फाटकाबाहेर कडुलिंबाखाली आला. बाया अगोदरच तिथं होत्या.

"भावजी," शशिकला वहिनी म्हणाली. आता ती हसत नव्हती. "तुम्ही डोळे मिटता त्याचं आम्हाला कौतुक होतं. पण त्याच्यापायी आमची जागा गेली. माझ्या घरात दुसरं कोण कमावतं?"

"दुकानवालीनं फसवलं."

"तिनं विचारलं असेल ना, कशाला पाहिजे म्हणून? तुम्ही काय सांगितलं?"

तेव्हा शिखा बोलली. सखुबाईकडे तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आईसाहेब, त्यांना सांगा, आम्हाला गोरं व्हायचं नव्हतं. आम्ही बटाटे निवडतो. आम्ही तीन गोष्टी सांगितल्या होत्या. त्यातली एक तरी विचारली का, एवढं विचारा."

"तिला सांग, तोंड सांभाळ," तुकोजी म्हणाला. त्याचा आवाज फाटला.

"त्यांना सांगा, तोंड सांभाळलंच आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून पदरात आहे."

तुकोजीनं हात वर केला. हातात फोन होता. तो फोन दगडावर आपटणार होता की आणखी काही करणार होता, ते त्यालाही कळलं नाही. सखुबाईनं त्याचं मनगट धरलं. तिला नीट दिसत नव्हतं, तरी बरोबर धरलं. "द्या इकडं," ती म्हणाली. "हा परत करायचा आहे. फुटका घेत नाहीत."

रिकामी पोती न्यायला भूषणचा लोडर आला. शिखा त्याच्यापाशी गेली आणि दबक्या आवाजात काहीतरी म्हणाली. "सगळ्या?" भूषणनं विचारलं. "सगळ्या," ती म्हणाली. बाया एकमेकींना हात देत मागे चढल्या. तुकोजी पुढे भूषणशेजारी बसला. राऊच्या रेल्वे फाटकात गाडी थांबली तेव्हा मागून कुणाच्यातरी रडण्याचा आवाज आला आणि शशिकला वहिनीचा, "पूस डोळे. दुकानात रडायचं नाही."

या खेपेला चपला कुणीच काढल्या नाहीत. थंड फरशीवर मातीचे पाय उमटत गेले. शशिकला वहिनी सरळ सोफ्यावर जाऊन बसली आणि तिच्याशेजारचा माणूस उठला.

मालक पुढे आला. "सील टूट गया काकाजी. वापसी नहीं होती. बेटी ने बोला था."

"बोला था," तुकोजी म्हणाला. "लेकिन फोटो में दूसरा आदमी आता है."

"अरे तो अच्छा आता है ना. लोग तो इसी के लिए लेते हैं." मालक इतरांकडे बघून हसला. या वेळी त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही. दुकानभर पदर ओढलेल्या बाया उभ्या होत्या. "इन सबको बाहर बिठाओ, भिया. धंधे का टाइम है."

एकही हलली नाही. शिखा सखुबाईच्या कानाशी लागली. सखुबाई तुकोजीकडे वळली. "तुम्ही बाहेर जा."

"मी? फोन मी घेतलाय."

"तुम्ही आत असेपर्यंत ह्या तोंडं उघडणार नाहीत. आणि फोन ह्यांच्या तोंडावरच बघायचाय. जा."

पूर्वा बघत होती. मालक बघत होता. तुकोजीनं दरवाजा ढकलला. तो ओढायचा होता. मग ओढला आणि बाहेर आला.

तो दुकानाकडे पाठ करून पायरीवर उभा राहिला. दुपार भरात होती. समोर एक पांढरी मोटार लावलेली होती, आणि तिच्या काचेत त्याला मागचं दुकान दिसलं. दिवे, काउंटर, आणि बायांचे हात पदरांकडे चाललेले. त्यानं डोळे मिटले.

डोळे मिटून भर जेल रोडवर उभं राहणं सोपं नव्हतं. कुणाचातरी खांदा लागला. कुणीतरी म्हणालं, "काकाजी, साइड में." एका स्कूटरनं कानाशी भोंगा वाजवला. पाठीमागे दरवाजा उघडायचा तेव्हा थंड हवेचा झोत आणि आतलं बोलणं यायचं. मिटायचा तेव्हा दोन्ही जायचं.

एकदा उघडला तेव्हा एक बाईचा आवाज आला. खणखणीत, घाई नसलेला. "भिया, पहले हमारा मुँह देखो. अब फोन में देखो. ये मैं हूँ क्या? तुम बोलो." तो आवाज कुणाचा, हे कळायला तुकोजीला वेळ लागला. पदराआडून, भाकरीवरून, म्हशीशी बोलल्यासारखा यायचा तो आवाज. त्याची सून अशी बोलते हे त्याला माहीत नव्हतं. त्याला राग आला. मग लक्षात आलं की आत मालक काहीच बोलत नाही, आणि राग जरा वेगळीकडे गेला.

पुन्हा उघडला. "...नहीं, ये उंगली ऐसी ही रहेगी. हाथ धोके नहीं आऊँगी. रोज धोके फोन नहीं उठाते हम." आणि पूर्वाचा आवाज, आता हसण्याचा नाही. "थांबा, ताई. हा बघा. डिस्प्लेला ठेवलेला आहे, जाड आहे, म्हणून कुणी घेत नाही. फ्रंट साधाच आहे. पण यात चेहऱ्याला काही करत नाही. अपडेट चार वर्षं मिळतील."

पुढे दरवाजा उघडला तेव्हा कुणीतरी बाहेर येऊन त्याच्या शेजारी उभं राहिलं. बांगड्यांवरून बाई होती. काच उन्हात बघायला आली असावी. तिनं फोन उन्हात इकडे तिकडे फिरवला असावा. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. तुकोजीनं पापण्या आणखी घट्ट केल्या. ती परत आत गेली.

बऱ्याच वेळानं सखुबाईनं त्याच्या कोपराला हात लावला. "झालं. उघडा डोळे."

मालकानं निळा फोन परत घेताना आपले काही पैसे कापून घेतले होते, वर पुन्हा येऊ नका असंही म्हणाला होता. बाया बाहेर आल्या, पदर हनुवटीपर्यंत. नवा फोन काळा होता, बोजड, पाठीला खरबरीत. तो शिखाच्या हातात होता. तुकोजीनं हात पुढे केला.

शिखानं फोन दिला नाही. "आईसाहेब, सांगा त्यांना, उद्या हजेरी लागू दे."

रस्त्यावर माणसं होती. त्यानं हात मागे घेतला आणि त्याच हातानं लोडरचं दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी सिमरोलचा टेम्पो फाटकाशी अगोदरच उभा होता. बाया त्यातून उतरल्या नव्हत्या. बसूनच बघत होत्या. तुकोजी छपराखाली आला आणि रोजच्या जागेवर पाठ करून उभा राहिला. हातात काही नव्हतं.

"तुम्ही पलीकडं जा," सखुबाई म्हणाली. "पत्र्याच्या मागं."

"ॲप माझ्या नंबरवर आहे."

"उघडलंय भूषणनं. जा."

तो पत्र्याच्या आडोशाला गेला. पत्रा तापायला लागला होता. पलीकडून शिखाचा आवाज आला, "शशिकलाकाकू, हनुवटी वर. हं." मग टक. मग मुकुल, "लागली." टक. "लागली." मध्ये एकदा तो म्हणाला, "परत घ्या," आणि तुकोजीनं पत्रा धरला. मग टक, आणि, "लागली." फाटकाबाहेर टेम्पोचं इंजिन सुरू झालं. तो वळून निघून गेला तेव्हा धूळ आडोशापर्यंत आली.

"एक राहिली," मुकुल म्हणाला. "मुकादमाची. काका, या."

बाया पदर ओढून दोन्ही बाजूंना झाल्या होत्या. मध्ये शिखा उभी होती, फोन दोन्ही हातांत धरून. तिचा हिरवा पदर हनुवटीच्याही खाली आलेला होता. तुकोजी तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिनं फोन वर केला आणि त्याचे डोळे मिटले.

"घेत नाही," मुकुल म्हणाला.

तुकोजीनं डोळे उघडले. फोन वर आला. पुन्हा मिटले. टोळीतली एकजण हसली आणि कुणीतरी तिला कोपर मारलं. सखुबाई सुनेकडे वळून थांबली, निरोप सांगायची तिला सवय होती. शिखानं सखुबाईकडे तोंड वळवलं नाही.

"आबासाहेब," ती म्हणाली, "इकडं बघा."

तुकोजीच्या मानेवरून घाम उतरत होता. काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि ते सखुबाईला म्हणायला हवं होतं, पण सखुबाई दुसरीकडे बघत होती. त्यानं डोळे उघडले. समोर काळा फोन होता, त्यामागे हिरवा पदर, आणि त्या पदराकडे, सून घरात आल्यापासून पहिल्यांदाच, तो सरळ बघत होता. तिला आतून सगळं दिसत असणार, हे त्याला तेव्हा कळलं. फोन टक वाजला.

"लागली," शिखा म्हणाली. तिनं फोन कमरेला खोचला आणि ढिगाकडे गेली.

बाकीच्याही गेल्या. मुकुल तिच्याकडे जाऊन आज आधी कुठला ढीग घ्यायचा ते सांगायला लागला. तुकोजी ढिगांच्या मध्ये उभा राहिला. हात कुठं ठेवावेत ते त्याला सुचेना. कमरेवर ठेवले, मग खाली सोडले. थोड्या वेळानं तो वाकला, एक बटाटा उचलला आणि ढिगावर टाकला.

"भावजी," शशिकला वहिनी वर न बघता म्हणाली, "छर्री तिकडं."